साडेदहाचा आकडा

ऑगस्ट म्हटला की आपल्याकडे श्रावण. मंगळागौर, राखी, नारळीभात. पण ज्या घरातलं मूल अमेरिकेला शिकायला निघालेलं असतं, त्या घरात या दिवसांत सणवार कुणाच्या लक्षात राहतात? वजनकाट्यावर बॅगा चढतात नि उतरतात, मेतकुटाच्या पिशवीला तीनदा चिकटपट्टी लागते, कुकर इथून न्यायचा की तिकडे घ्यायचा यावर सगळी आळी आपापलं मत देऊन जाते. आणि नेमका याच दिवसांत, मुलं जिथे निघालेली असतात त्या देशात एक वेगळाच बाजार भरात आलेला असतो. कॉलेजच्या फुटबॉल संघांवर आकडे लावायचा बाजार.

तुम्ही म्हणाल, कुठला तो फुटबॉल, कुठली ती कॉलेजं, आणि आपल्या तालुक्याच्या गावात बसून त्याची उठाठेव कशाला? सांगते.

माझी थोरली बहीण गेली पंचवीस वर्षं अमेरिकेत आहे, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात. २०२४ साली तिच्या पाठीचं ऑपरेशन ठरलं आणि मी ऑगस्ट ते डिसेंबर तिच्या मदतीला जाऊन राहिले. तिचा मुलगा तिथल्याच विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होता. हुशार, घरात मराठी बोलणारा, आईच्या औषधांच्या वेळा न चुकवणारा. निर्व्यसनी म्हणून ज्याचं उदाहरण द्यावं असा. तो एका रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप आणि वही घेऊन बसला होता. वहीत रकाने आखलेले, संघांची नावं, कोण खेळाडू गेला, कोण आला, प्रशिक्षक कोण, सामने घरच्या मैदानावर की बाहेर. मला वाटलं, परीक्षेची तयारी. विचारलं तर म्हणाला, "मावशी, विन टोटल्स बघतोय." म्हणजे काय रे? तर त्याने मला अर्धा तास समजावलं. ते मी तुम्हाला थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा, पायाने खेळायचा नव्हे. दोन्ही टोकांना निमुळता असलेला चेंडू हातात घेऊन पळायचं, फेकायचा, आणि समोरच्याने तुम्हाला आडवं पाडायचं. तिकडच्या कॉलेजांमधला हा खेळ म्हणजे आपल्या गॅदरिंगमधल्या मॅचेस नव्हेत. कोलंबसच्या विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून जास्त माणसं बसतात आणि शनिवारी ते भरतं. सर्वांत वरच्या गटात एकशे तीसहून अधिक कॉलेजांचे संघ आहेत. ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत प्रत्येक संघ साधारण बारा सामने खेळतो.

आता सट्टा कसा? हंगाम सुरू होण्याआधीच बेटिंग कंपन्या प्रत्येक संघापुढे एक आकडा मांडतात. समजा साडेआठ. म्हणजे हा संघ बारापैकी साडेआठपेक्षा जास्त सामने जिंकेल की कमी, एवढंच तुम्ही सांगायचं. 'ओव्हर' किंवा 'अंडर'. अर्धा सामना कुणी जिंकत नाही, म्हणून बरोबरीचा प्रश्नच ठेवलेला नाही. पैसे ऑगस्टमध्ये लावायचे आणि निकाल नोव्हेंबर संपताना. त्यानंतरचे विजेतेपदाचे सामने या हिशेबात धरत नाहीत.

भाचा म्हणाला, "मावशी, हा जुगार नाहीये. जुगार म्हणजे पत्ते, मशीन. हा अभ्यास आहे. तीन महिन्यांचा अंदाज आहे. शेअर मार्केटसारखं."

हे वाक्य माझ्या कानाला ओळखीचं वाटलं. गेली पंधराएक वर्षं मी बचत गटांचं आणि कौटुंबिक सल्ल्याचं काम करते. आकडा लावणाऱ्या नवऱ्यांच्या बायका माझ्यासमोर बसून रडल्या आहेत, आणि त्यांच्या नवऱ्यांशीही मी बोलले आहे. मटका लावणारा प्रत्येक माणूस मला हेच सांगत आलाय, की बाकीचे लावतात ते नशिबावर, मी लावतो तो हिशेबाने. त्यांच्याकडेही वह्या असतात. मागच्या सहा महिन्यांचे आकडे लाल-निळ्या शाईने लिहिलेले असतात. फरक एवढाच, की भाच्याच्या वहीत इंग्रजी होतं.

आपल्या मटक्याचं मूळही, गंमत बघा, अमेरिकेतच आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईला येत आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावत. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथूनच आलेले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव यायचे थांबले, मग चिठ्ठ्या मडक्यात टाकून आकडा काढू लागले आणि नाव पडलं मटका. तेव्हा मुंबईतला गिरणी कामगार तिकडच्या कापसावर पैसे लावत होता. आता आपल्या घरातली शिकलेली मुलं तिकडे जाऊन तिकडच्याच पोरांवर लावतात.

असो. भाच्याने त्या ऑगस्टमध्ये चार संघांवर दोनदोनशे डॉलर लावले. सुट्टीत काम करून मिळवलेले स्वतःचे पैसे, वय एकवीस पूर्ण, आणि ओहायोत १ जानेवारी २०२३पासून एकवीस वर्षांवरच्यांना हे फोनवरून करायला कायद्याची पूर्ण मोकळीक. लपवण्यासारखं काही नव्हतंच. मेव्हणेसुद्धा म्हणाले, "इथे सगळे करतात, त्यात काय!"

चारांतला एक संघ होता फ्लोरिडा स्टेट. आधीच्या म्हणजे २०२३च्या हंगामात त्यांनी तेराच्या तेरा सामने जिंकून आपल्या विभागाचं विजेतेपद घेतलं होतं. कंपन्यांनी आकडा ठेवला होता साडेनऊ. भाच्याचा 'ओव्हर'. म्हणजे दहा तरी जिंकायला हवेत. २४ ऑगस्टला त्यांचा पहिला सामना झाला, तोही आयर्लंडमध्ये, डब्लिनला. हरले. दुसरा हरले. १४ सप्टेंबरला तिसरा हरले. बारातले तीन गेले म्हणजे दहा होणं अशक्य. अजून गणपती उठले नव्हते आणि डिसेंबरच्या पैजेचा निकाल लागला होता. त्या वर्षी फ्लोरिडा स्टेटने किती सामने जिंकले असतील? दोन! बारापैकी दोन.

मला वाटतं खरी मेख इथे आहे, आणि हिच्याबद्दल कुणी बोलत नाही. ऑगस्टची पैज लावून माणूस शांत बसला असता तर दोनशे डॉलरच जायचे होते. पण पैज तीन महिन्यांची असते आणि सामना दर शनिवारी असतो. ॲप फोनमध्ये आलेलं असतं, बँकेचं कार्ड त्याला जोडलेलं असतं. ते रोज काहीतरी खुणावतं. आजच्या सामन्यावर लावा, पहिल्या अर्ध्या खेळावर लावा, पुढचे गुण कोण करेल त्यावर लावा. ऑगस्टचे बुडालेले शनिवारी भरून काढू, शनिवारचे रविवारी. रविवारी व्यावसायिक संघांचे सामने असतात. आपल्या मटक्याला निदान दिवसाला एक ओपन आणि एक क्लोज होता. इथे तर सामना चालू असतानाही भाव फुटत असतो.

मी त्या घरात दर शनिवारी पोहे करत होते, म्हणून मला दिसत गेलं. सप्टेंबरमध्ये पोरगा मॅच बघताना ओरडायचा, हसायचा. ऑक्टोबरमध्ये तो आपला संघ जिंकत असतानाही चिडलेला असायचा. मी विचारलं, अरे जिंकतायत ना? तर म्हणाला, "वीसच्या फरकाने जिंकायला पाहिजे होते." ज्या खेळावर जीव, त्यातला आनंदच गेला होता, आणि त्याला ते कळतही नव्हतं.

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार मी विसरणार नाही. कोलंबसचा संघ ओहायो स्टेट, त्याच्यापुढे आकडा होता साडेदहा. तोवर अकरापैकी दहा जिंकून झालेले, एक सामना अवघ्या एका गुणाने हरलेला. शेवटचा सामना मिशिगनशी. या दोघांचं वैर इतकं, की त्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरचं प्रत्येक 'एम' अक्षर लाल पट्ट्यांनी खोडतात. मिशिगन त्या वर्षी दुबळा होता, अकरापैकी सहाच जिंकलेला. सामना घरच्या मैदानावर. साऱ्या शहराने विजय धरूनच ठेवला होता. भाच्याच्या चार पैजांपैकी एक लागली होती, दोन गेल्या होत्या, ही शेवटची. आणि ३० नोव्हेंबरच्या त्या दुपारी ओहायो स्टेट १३-१० असा हरला. सामना संपल्यावर मैदानावर दोन्हीकडचे खेळाडू हातघाईवर आले, पोलिसांना तिखटाचा फवारा मारावा लागला.

आमच्या घरात कुणी काही बोललं नाही. रात्री ताई त्याच्या खोलीत गेली ती तासाभराने बाहेर आली. तेव्हा आम्हाला कळलं की ऑगस्टच्या आठशे डॉलरचे नोव्हेंबरअखेर चार हजार झाले होते. मिळालेले नव्हे, गेलेले. तेव्हाच्या दराने साधारण तीन लाख चाळीस हजार रुपये. त्यात पुढच्या सहामाहीच्या खोलीचं भाडं होतं. ताई पाठीला पट्टा बांधून सोफ्याच्या कडेवर बसली होती आणि मला एवढंच म्हणाली, "अगं, तो खोटं बोलला नाही माझ्याशी. मी विचारलंच नव्हतं."

यातला सगळ्यात विचित्र भाग पुढेच आहे. तोच ओहायो स्टेट संघ जानेवारीत सलग चौथा बाद सामना जिंकून, २० तारखेला नोत्र दामला ३४-२३ असं हरवून देशाचा विजेता झाला! मी तेव्हा परत आले होते. ताई फोनवर सांगत होती, शहरात लोक थंडीत रस्त्यावर येऊन नाचताहेत. पण ते चार विजय पैजेच्या हिशेबात नाहीत. नियमित हंगामात दहा म्हणजे दहाच. ज्या पोराने सांगितलं होतं की हा संघ यंदा सर्वांत चांगला आहे, त्याचा अभ्यास अगदी बरोबर होता. पैसे मात्र बुडाले ते बुडालेच.

म्हणून मला या 'अभ्यास' शब्दाबद्दलच बोलायचं आहे. ही मुलं अठरा ते तेवीस वर्षांची. दर वर्षी संघातली पाव-अर्धी पोरं बदलतात. कुणी पदवी घेऊन जातो, कुणी व्यावसायिक संघात जातो. फ्लोरिडा स्टेटचे तर दहा खेळाडू एका वर्षात तसे गेले होते. आता तर एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणंही सोपं झालंय. इंडियाना विद्यापीठाचं उदाहरण भाच्यानेच मला नंतर दिलं. २०२३ला बारापैकी तीन विजय. नवा प्रशिक्षक आला, येताना आपल्या आधीच्या कॉलेजातले डझनभर खेळाडू बरोबर घेऊन आला. २०२४ला बारापैकी अकरा, २०२५ला बाराच्या बारा. याच्या उलट पेन स्टेट. २०२५च्या हंगामाआधीच्या क्रमवारीत देशात दुसरा. ऑक्टोबरमध्ये प्रशिक्षकाची हकालपट्टी, आणि शेवटी बारापैकी सहा. ज्यांचं पोट या खेळावर चालतं त्या पत्रकारांना जे दिसलं नाही, ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर कुणाला दिसणार आहे?

आणि समजा दिसलं, तरी दुकानदार उपाशी राहत नाही. साधारण रीत अशी, की शंभर डॉलर जिंकायचे तर एकशे दहा लावायचे. एकाने 'ओव्हर'वर एकशे दहा लावले, दुसऱ्याने 'अंडर'वर. कंपनीकडे दोनशे वीस आले. जो जिंकला त्याला त्याचे एकशे दहा आणि वर शंभर, म्हणजे दोनशे दहा दिले. दहा डॉलर घरात. कोण जिंकलं याच्याशी कंपनीला देणंघेणं नाही. शंभरातल्या पन्नास पैजा बरोबर आल्या तरी तुम्ही तोट्यात, साडेबावन्न बरोबर आल्या तर कुठे मुद्दल सुटतं. शिवाय ऑगस्टमध्ये भरलेले पैसे डिसेंबरपर्यंत त्यांच्याकडे बिनव्याजी पडून. आमच्या बचत गटातली सातवी शिकलेली बाईसुद्धा असा व्यवहार करणार नाही. ती पहिल्यांदा विचारेल, चार महिन्यांचं व्याज कोण देणार?

२०२४ साली अमेरिकेत लोकांनी कायदेशीररीत्या खेळांवर लावलेली रक्कम सुमारे १५० अब्ज डॉलर होती आणि त्यातले १३ अब्जांहून जास्त कंपन्यांकडे राहिले. हे सगळं गेल्या काही वर्षांतलं आहे हे लक्षात घ्या. १९९२च्या एका कायद्याने नेवाडासारखे थोडे अपवाद सोडून देशभर खेळांवरच्या सट्ट्याला मनाई होती. मे २०१८मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला आणि राज्यांना वाट मोकळी झाली. आज पस्तीसहून जास्त राज्यांत सट्टा कायदेशीर आहे. ओहायोच्या कायद्यावर डिसेंबर २०२१मध्ये ज्यांनी सही केली ते गव्हर्नर माइक डिवाइन, यांनीच २०२५मध्ये त्या सहीचा पश्चात्ताप होतो असं जाहीरपणे सांगितलं. पश्चात्ताप झाला हे चांगलंच, पण आता ॲप कुणाच्या फोनमधून काढणार?

मला सर्वांत राग आला तो कॉलेजांचा. कॉलेजांच्या खेळांचा कारभार बघणारी तिथली मोठी संस्था आहे, एनसीएए. तिने २०२३मध्ये पाहणी केली, तेव्हा १८ ते २२ वयाच्या मुलांपैकी ५८ टक्क्यांनी कधी ना कधी खेळांवर पैसे लावलेले निघाले. आवारातच राहणाऱ्या विद्यार्थ्यांत ६७ टक्के. बरं, मुलांना या वाटेवर नेलं कुणी? कोलोरॅडो विद्यापीठाने २०२०मध्ये एका बेटिंग कंपनीशी करार केला, त्यात विद्यापीठाच्या दुव्यावरून जो नवा गिऱ्हाईक येईल त्याच्यामागे तीस डॉलर विद्यापीठाला मिळायचे होते. लुइझियाना स्टेट विद्यापीठातून पैज लावायचं आमंत्रण देणारी ईमेल एकवीस वर्षांखालच्या विद्यार्थ्यांनाही गेली. वर्तमानपत्रांनी हे उजेडात आणल्यावर २०२३मध्ये असे करार मोडले गेले. पण विचार करा, इथे एखाद्या कॉलेजच्या फाटकावर प्राचार्यांनीच मटक्याची टपरी टाकून दिली असती तर आपण मोर्चा काढला असता की नाही?

आणि मैदानावरची पोरं? एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातून चेंडू सुटला की त्याच्या फोनवर शिव्या, धमक्या, 'माझे बुडालेले पैसे तू दे' म्हणून मागण्या. एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी २०२४मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं की निदान एकेका विद्यार्थी खेळाडूच्या कामगिरीवर लावायच्या पैजा तरी बंद करा. ओहायोने त्या केल्या. विन टोटल्स मात्र चालूच आहेत, कारण ते अख्ख्या संघावर असतात, सभ्य दिसतात.

एक गोष्ट बायकांशी थेट संबंधित आहे, म्हणून मुद्दाम सांगते. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०११मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. व्यावसायिक फुटबॉलमध्ये जिंकणार म्हणून धरलेला आपल्या भागातला संघ अचानक हरला, की त्या दिवशी घरात पुरुषांनी बायकोला किंवा जोडीदारणीला मारण्याचं प्रमाण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतं, असं त्यात दिसलं. नुसतं हरल्याने नाही. अपेक्षा असताना हरल्याने. हा अभ्यास सट्टा सर्रास होण्याच्या आधीचा. अलीकडे ओरेगॉन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी पाहिलं, तर सट्टा कायदेशीर झालेल्या राज्यांत अशा पराभवांनंतरचा हा मार आणखी वाढलेला निघाला. वाचलं तेव्हा मला आमच्या सल्ला केंद्रातला सोमवार आठवला. आमच्याकडे सोमवारी गर्दी का असते हे आम्हाला कुठल्या विद्यापीठाने सांगावं लागत नाही.

तुमच्यापैकी काही जणी म्हणतील, मग बंदीच घाला. आपल्याकडे संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये कायदा केला, पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली, मोठ्या कंपन्यांनी ते खेळ बंद केले. मी त्या कायद्याच्या बाजूची आहे. पण आकडा लावण्यावर बंदी आपल्याकडे इंग्रजांच्या काळापासून आहे आणि मटका कुठे चालतो हे गावातल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. शिवाय आपल्या कायद्याचा हात कोलंबसपर्यंत पोचत नाही. इथला मुलगा बी.ई. करून तिकडे एम.एस.ला जातो तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा असतो. म्हणजे विमानातून उतरल्या दिवसापासून तिकडच्या कायद्याने पैज लावायला मोकळा. त्याच ऑगस्टमध्ये त्याच्या खात्यात पहिल्या सहामाहीच्या खर्चाची रक्कम आलेली असते. ती आलेली असते शैक्षणिक कर्जातून, आणि मोठ्या कर्जाला बहुतेक वेळा बँक तारण मागते. घर, नाहीतर जमीन. सही बापाची असते, बऱ्याचदा आईचीही. माझ्या भाच्याचे गेले ते त्याच्या कमाईचे, आई-बाप तिथेच, घर तिथेच. आपल्या मुलाचं तसं नसतं. तो विद्यार्थी व्हिसावर असतो, सत्रात आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम त्याला करता येत नाही. चार हजार डॉलर तो कुठून भरून काढणार? खोलीवर एकटा, नवा देश, वर्गातल्या पोरांशी बोलायला विषय हवा म्हणून फुटबॉल, आणि फुटबॉल म्हटला की ॲप. त्यात त्याला वाईट वळण वगैरे लागायची गरजच नाही. तो हिशेबात हुशार असतो, तेवढं पुरतं.

भाच्याचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. ओहायोत एक सोय आहे, 'टाइम आउट ओहायो' नावाची. तिथे आपण होऊन नाव नोंदवायचं, एक वर्ष, पाच वर्षं किंवा कायमचं, आणि मग त्या मुदतीत कंपन्यांनी तुम्हाला खेळू द्यायचं नाही. त्याने पाच वर्षांची नोंद केली. भाडं मेव्हण्यांनी भरलं आणि दरमहा त्याच्याकडून कापून घेतलं. ताईला ते कडक वाटलं, मला योग्य वाटलं. आमचं त्यावरून फोनवर थोडं वाजलंही.

गेल्या जुलैत आमच्या गावातून चार मुलं आणि एक मुलगी अमेरिकेला निघाली होती. त्यांच्या आयांना मी घरी चहाला बोलावलं. थंडीचे कपडे, आरोग्य विमा हे सगळं झाल्यावर मी हा विषय काढला. एक जण लगेच म्हणाल्या, "ताई, आमचा तसा नाही हो." मी म्हटलं, माझा भाचाही तसा नव्हता. मग मी त्यांना सांगितलं की 'जुगार खेळतोस का' असं विचारू नका, तो नाहीच म्हणेल आणि ते त्याच्या मते खरंही असेल. तो जुगार समजतच नाही त्याला. त्यापेक्षा विचारा, ओव्हर-अंडर म्हणजे काय रे? तुमच्या कॉलेजच्या संघाचा यंदाचा आकडा किती? तुझ्या खोलीतली मुलं लावतात का? तू लावलेस का, किती, आणि निकाल कधी? साध्या आवाजात, मॅचची चौकशी केल्यासारखं. आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा विचारा, कारण तेव्हाच पहिले बुडालेले असतात. विचारल्यावर पोरगं दोन क्षण गप्प झालं तर आवाज चढवू नका, फोन ठेवू नका.

त्यातल्या एकीने पर्समधून छोटी डायरी काढली. एका पानावर कुकरची जास्तीची रिंग, थर्मल, चष्म्याचा नंबर असं लिहिलेलं होतं. त्याच्याखाली तिने मला विचारून विचारून 'ओव्हर-अंडर' असं मराठीत लिहून घेतलं आणि म्हणाली, "ताई, आकडा साडेचाच का असतो, ते परत एकदा सांगा बरं."